त्याला खाली उतरायचंय

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मध्यंतरी एका बीगल जातीच्या कुत्र्याचा दुसरा वाढदिवस झाला. भिंतीवर फुगे, टेबलावर केक, केकवर बिस्किटाचं हाड. उत्सवमूर्तीच्या अंगात जांभळा रेशमी कुर्ता आणि डोक्यावर हनुवटीखालून इलॅस्टिक घेतलेली कागदी टोपी. घरच्या तरुणाने त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, बायकोने निरांजन ओवाळलं आणि त्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर अगदी हळुवार कुंकू टेकवलं. ज्योत नाकासमोरून फिरली तेव्हा त्याने मोठी जांभई दिली. "झोप आली गं बाळाला," कुणीतरी म्हणालं. मग त्याने ओठांवरून, नाकावरून जीभ फिरवली. "केकचा वास लागला बघ लबाडाला." मग त्याने मान पूर्ण वळवून भिंतीकडे तोंड केलं आणि चार-पाच जणी एका सुरात म्हणाल्या, "लाजतोय!" फोटो निघत होते. मी अगदी बाजूला उभी होते, म्हणून मला त्याच्या डोळ्यांच्या कडेची पांढरी कोर दिसली आणि पोटाला चिकटलेली शेपटीही दिसली. गर्दीत पाच-सहा वर्षांची एक मुलगी होती. ती एवढंच म्हणाली, "त्याला खाली उतरायचंय." तिच्या आईने "हो हो, आधी केक कापू दे" म्हणून तिला गप्प केलं.

गाणं संपल्यावर त्याला खाली सोडलं. त्याने नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झटकलं, टोपी एका कानावर गेली, आणि केककडे ढुंकूनही न बघता तो थेट दाराशी गेला. तिथे पाहुण्यांच्या चपलांचा ढीग होता. त्या ढिगात नाक खुपसून तो एकेक चप्पल हुंगत सुटला. शेपटी आता वर होती, तिचं पांढरं टोक हलत होतं. "शी, आजच्या दिवशी चपला काय हुंगतोस," असं म्हणत कुणीतरी त्याला उचलून पुन्हा केकपाशी आणलं.

तेव्हापासून ती मुलगी माझ्या डोक्यातून जात नाही.

ही माणसं निष्काळजी असती तर मी घरी येऊन चार शब्द बोलून मोकळी झाले असते. पण या जोडप्याला मी रोज बघते. भर पावसात रेनकोट घालून पहाटे त्याला फिरवतात, लशी चुकवत नाहीत, त्याच्यावर आवाज चढवत नाहीत. त्याला जुलाब झाले तेव्हा तिने ऑफिसातून रजा काढली होती. प्रेमाला तिथे काही कमी नाही. तरीही त्या संध्याकाळी एवढ्या मोठ्या माणसांना जे दिसलं नाही ते एका लहान मुलीला दिसलं, कारण ती एकटीच त्या कुत्र्याकडे बघत होती. बाकीचे एका बाळाकडे बघत होते, आणि बाळ जांभई देतं म्हणजे त्याला झोपच आलेली असते.

कुत्र्याची जांभई दर वेळी झोपेची नसते. नको असलेल्या जवळिकीत अडकलेला कुत्रा जांभया देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो, पुढचा एक पाय अधांतरी धरतो. नॉर्वेमध्ये कुत्र्यांना शिकवणाऱ्या तुरिड रुगास यांनी अशा खुणांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि जगभरच्या कुत्रेवाल्यांना त्या बघायची सवय लावली. सुटका झाल्यावर सगळं अंग झटकणं ही त्यातलीच एक. आपण माकडांच्या कुळातले. आपली पिल्लं आईच्या छातीला बिलगून वाढतात, म्हणून आपल्याला मिठीत सुरक्षित वाटतं. कुत्र्याच्या जगात दुसऱ्याला आवळून धरण्याचा अर्थ निराळा असतो. काही कुत्रे घरच्या माणसांची मिठी सोसायला शिकतात, काहींना ती आवडायलाही लागते, पण ते त्या-त्या कुत्र्याला विचारून ठरवायचं असतं, आणि तो तोंड फिरवून सांगत असतो.

आणि हा तर बीगल. सशाचा माग काढत रानोमाळ धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली जात. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या आसपास असतात. कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींच्या वर जातात. श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून निघते, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही आणि पुढचा श्वास आणखी वास घेऊन आत येतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर प्रवाशांचं सामान हुंगायला बीगलच नेमले. लेकीकडे निघालेल्या आईने बॅगेच्या तळाशी साडीत गुंडाळून ठेवलेला हापूस ते नाक चालता चालता शोधतं. अशा नाकासमोर आपण अंगणभर माणसांच्या चपला मांडून ठेवल्या होत्या. कोण कुठल्या रस्त्याने आलं, कुणाच्या घरी मांजर आहे, कोण दूध सांडलेल्या जिन्यावरून उतरलं, कुणाचं बाळ अंगावर पितं, हे सगळं तिथे होतं. त्याच्या दृष्टीने खरा समारंभ त्या दाराशी चालला होता आणि आपण त्याला तिथून उचलून आणलं.

माझं आजोळ पुरंदर तालुक्यातलं, जेजुरीपासून फार लांब नाही. तिथे खंड्या होता. तो घरात यायचा नाही, ओसरीची पायरी ही त्याची हद्द. आजी भाकऱ्या करायला बसली की पहिली गाईची आणि शेवटची कुत्र्याची. ती शेवटची मुद्दाम जाड थापलेली असायची, ताकात कुस्करून दगडी डोणीत घातली जायची. खंड्याशी कुणी बोबडं बोलल्याचं मला आठवत नाही. आजोबा तर त्याला हातही क्वचित लावायचे. पण रात्री तो भुंकला की अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचे, "सरपटणारं हाय कायतरी, बत्ती घेऊन जा." किंवा, "वळखीचं माणूस हाय, दाराशी थांबलंय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. कितव्या भुंकण्यानंतर तो थांबतो, कुठल्या दिशेला तोंड करून भुंकतो, मध्ये गुरगुरतो की नाही, हे सगळं त्यांच्या कानात बसलेलं होतं. दिवसभर औत हाकून दमलेल्या त्या माणसाला आपल्या कुत्र्याचं बोलणं झोपेतही समजत होतं.

जुन्या दिवसांचे गोडवे गायला मी हे सांगत नाही. त्याच आजोळी मांजरीची पिल्लं गोणपाटात घालून ओढ्यापलीकडे सोडून यायचे. दारात आलेल्या परक्या कुत्र्याला पोरं दगड मारायची आणि मोठी माणसं बघत बसायची. खंड्याला कुणी कधी लस टोचली नाही. एका उन्हाळ्यात त्याने खाणं सोडलं, गोठ्यामागच्या सावलीत जाऊन पडला आणि काही दिवसांत गेला. डॉक्टरला बोलवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्या रात्री आजीने सवयीने शेवटची जाड भाकरी थापली आणि मग ती तव्यावरच राहिली. आजोबांना खंड्या कळत होता, पण त्याच्या दुखण्याची जबाबदारी आपली आहे असं त्यांना वाटलं नाही. ती जबाबदारी आपली मानणारी आजची तरुण माणसं मला मनापासून आवडतात. आजोबांचं ते ऐकणं मात्र आमच्यापर्यंत पोचायच्या आत कुठेतरी सुटलं, आणि ते सुटायला नको होतं.

दिवाळी झाली की धनगरांचे वाडे आमच्या रानातून पुढे कोकणाकडे सरकायचे. शेतात रात्री मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि बदल्यात वाड्याला धान्य. त्यांच्याबरोबर उंच, सडपातळ, अंगावर घाव वागवणारे कुत्रे असायचे. एकदा एक म्हातारा धनगर कुत्र्याचा पंजा मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यातले काटे काढत बसला होता. चारही पाय झाले, मग त्याने कानांच्या आत बघितलं, गोचिडी काढल्या, पाठीवर एक थाप मारली आणि कुत्रा उठून गेला. मी त्या कुत्र्याला कुरवाळायला पुढे झाले तर म्हातारा म्हणाला, "पोरी, त्येला लई माणसाळवू नगं. रातच्याला मेंढरं सोडून तुझ्यामागं यील, मंग लांडग्याला कोन बघंल?" तेव्हा मला तो कठोर वाटला होता. आता वाटतं, त्या कुत्र्याला स्वतःचं काम होतं, स्वतःची रात्र होती, आणि ती त्याच्यापासून कुणी काढून घेऊ नये याची त्या म्हाताऱ्याला काळजी होती.

त्याच मुलखात जेजुरीचा खंडोबा आहे आणि त्याच्याबरोबर कुत्रा असतोच. खंडोबाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवायचे. हातात कोटंबा घ्यायचा, त्यात पडेल ते तोंडाने खायचं, देवापुढे भुंकायचं. लहानपणी ते पाहून मला भीती वाटली होती, आणि आई म्हणाली होती की देवाच्या दारात यापेक्षा मोठा मान नाही. हल्ली ते दृश्य वेगळ्याच कारणाने आठवतं. देवाजवळ जायला तिथे माणूस कुत्रा होत होता. राखणारा, जागा असणारा, दार न सोडणारा असा जो कुत्रा असतो, तसं आपल्याला होता यावं ही इच्छा त्यात होती. कुत्र्याने माणूस व्हावं अशी मागणी त्या दारात कुणी केली नाही.

लहानपणी मला महाभारतातला शेवटचा भाग फार आवडायचा. भाऊ गेले, द्रौपदी गेली, एक कुत्रा तेवढा धर्मराजाच्या मागून चालत राहिला आणि त्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराजाने नकार दिला. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो, तिथे दर वेळी मी हिरमुसायची. मला तो कुत्राच असायला हवा होता. त्याउलट नाथांची गोष्ट. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला घालायला निघालेले नाथ वाटेत वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला ते पाणी पाजतात. गाढवात नाथांना देव दिसला असं कीर्तनकार सांगतात, आणि ते खरंच आहे. पण मला त्या गोष्टीत आवडतं ते हे की देव दिसल्यावरही नाथांनी गाढवाला हार घातला नाही. ते तहानलेलं होतं, त्याला पाणी दिलं.

जनावरावर माणसाचं मन चढवण्यात नुसता लाडच असता तर मी एवढी अस्वस्थ झाले नसते. त्यात मार खाणारी जनावरंही आहेत. शेजारच्या इमारतीतल्या एका लॅब्राडोरने घरचे बाहेर गेले असताना सोफा फाडला. "मुद्दाम केलं त्याने, आम्ही नेलं नाही म्हणून सूड घेतला. आणि चेहरा तर बघा, चोराच्या मनात चांदणं!" असं म्हणत त्याच्या तोंडावर वर्तमानपत्राची गुंडाळी बसली. न्यू यॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याच अपराधी चेहऱ्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४ कुत्रे घेतले. मालकाने खाऊला तोंड लावू नको असं बजावून खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्र्याला खाऊ दिला जायचा, कधी उचलून ठेवला जायचा, आणि मालकाला मात्र कधी खरं सांगायचे, कधी खोटं. कुत्र्याने खरोखर खाल्लं होतं की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध निघाला नाही. मालक रागावला की तो चेहरा यायचा, आणि काही न केलेल्या कुत्र्यांना रागावलं तेव्हा तो जास्तच आला. खाली गेलेले कान, वळवलेली मान, चोरटी नजर ही समोरच्या रागापुढची शरणागती होती. सोफा फाडणारा लॅब्राडोर एकटेपणाने घाबरला होता किंवा दिवसभर नुसता बसून कंटाळला होता. सूड घ्यायचा म्हणजे आधी मालकाचा उद्याचा चेहरा मनात आणावा लागतो. तो माणसाचा उद्योग आहे, त्याची शिक्षा कुत्र्याला झाली.

ताटाचंही तसंच. आपल्या घासातला घास काढून देणं ही आपल्याकडची जवळिकीची सगळ्यात मोठी खूण, त्यामुळे इथे कुणाला दोष देणं जिवावर येतं. पण प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, चॉकलेट त्याच्या हृदयावर जातं, आमटी-भाजीतल्या कांदा-लसणाने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजराला ताप वाटतो म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देणारे लोक मी पाहिलेत. तिचं यकृत ते औषध निचरून टाकू शकत नाही आणि तेवढ्यानेही ती मरते. घरात मांसमच्छी चालत नाही म्हणून मांजरालाही दूधभातावर ठेवणारी सोज्वळ घरं आहेत. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य मांसातूनच मिळतं, शरीराला पुरेल इतकं ते स्वतः बनवू शकत नाही. ते कमी पडलं की डोळे जातात, आणि हृदयही फुगून दुबळं होतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. मांजराच्या पोटाला आपलं सोवळं कळत नाही. ज्या घरात मांस येऊ शकत नाही त्या घराने मांजर पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते ऐकून माझ्याच नात्यातली माणसं दुखावली आहेत. पुण्याच्या मे महिन्यात थंड मुलखातला, दुहेरी केसांचा हस्की कुत्रा बाळगणाऱ्यांबद्दलही मला तसंच वाटतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना तेवढा येतो. बाकीची बहुतेक उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे फिरणारा पग आला आणि घराघरांत पग दिसू लागले. त्याचा चपटा, बाळासारखा चेहरा आपल्याला मोहात पाडतो, आणि त्याच चपटेपणामुळे त्याला धड श्वास घेता येत नाही. रात्री त्याच्या घोरण्याचे व्हिडिओ लोक कौतुकाने पाठवतात, तेव्हा मला ते शेवटपर्यंत ऐकवत नाहीत.

ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीने शेतावरच्या जनावरांबद्दल अगदी साधी अपेक्षा लिहिली होती: त्यांना उभं राहता यावं, बसता यावं, वळता यावं, स्वतःचं अंग चाटून साफ करता यावं आणि हातपाय ताणता यावेत. त्यातून पुढे जनावरांच्या पाच मोकळिकी ठरल्या. तहान-भूक, हाल, दुखणं आणि भीती यांपासून सुटका या चार, आणि पाचवी, आपल्या जातीला साजेसं वागता येणं. तमिळनाडूतला जल्लिकट्टू हा बैलांचा खेळ आणि आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या पाचही आपल्या कायद्यात अभिप्रेत असल्याचं सांगितलं. शर्यती नंतर कायदे बदलून पुन्हा सुरू झाल्या, तो वाद मी इथे काढत नाही. पण पाचवी मोकळीक वाचताना मला बैल आठवत नाहीत. मला आठवतात बाबागाडीतून फिरवले जाणारे, पायांत मोजे घातलेले, सुगंधी फवारा मारलेले आमच्या भागातले कुत्रे. पहिल्या चार बाबतींत त्यांच्यासारखं भाग्य कुणाचं नाही. वास घ्यायचा नाही, माती उकरायची नाही, चिखलात लोळायचं नाही, दुसऱ्या कुत्र्याच्या शेपटीखाली नाक न्यायचं नाही, म्हणजे पाचवीतलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही.

त्या बीगलला ओवाळणारी तरुणी पुढे एका सकाळी बागेत बाकावर भेटली. बोलता बोलता मी तिला जांभईचं आणि चपलांचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, तुमचं पटतंय. पण खरं सांगू, आमच्यासाठी तो मूलच आहे हो." तिच्या आवाजात असं काही होतं की मी पुढे एक शब्द बोलले नाही. कुणाच्या घरात काय झालेलं असतं, काय होऊ शकलेलं नसतं, आपल्याला माहीत नसतं. आणि ती म्हणत होती त्यात खोटंही काही नव्हतं. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की कुत्रा आणि त्याचं माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे मायेचं संप्रेरक वाढतं. आई आणि तान्हं बाळ एकमेकांकडे बघतात तेव्हा जे घडतं, तेच. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं घडलं नाही. इस्रायलमधल्या ऐन मल्लाहा इथे सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाचा हात शेजारी पुरलेल्या पिल्लावर ठेवलेला सापडला आहे. शेती सुरू व्हायच्याही आधीची ही माया आहे. तिला मी खुळेपणा म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही.

मला फक्त त्या हाताखालचं पिल्लू दिसायला हवं आहे.

आमच्याकडे चिंगी होती. गल्लीतलीच, एक कान उभा, एक पडलेला. डोक्यावरून हात फिरवलेला तिला आवडायचा नाही, हात वर आला की ती बाजूला सरकायची. स्वतःहून मात्र यायची आणि माझ्याकडे पाठ करून, ती पाठ माझ्या नडगीला टेकवून बसायची. बघायची बाहेर. सुरुवातीला मला वाटायचं, ही आपल्याकडे बघत का नाही. मग लक्षात आलं, पाठ माझ्याकडे सोपवून ती पुढची बाजू सांभाळत होती. याहून जास्त विश्वास ती कसा दाखवणार होती? फिरायला नेलं की विजेच्या एका खांबापाशी तिचा बराच वेळ जायचा. आधी वरचा भाग, मग खालचा, मग मागची बाजू, मग पुन्हा वरचा. लोक पट्टा ओढून पुढे काढतात, व्यायाम व्हायला हवा म्हणून. मी उभी राहायची. तिचं नाक थरथरताना, मध्येच श्वास रोखून एकाच जागी खिळताना बघायला मिळायचं. समोर इतकं काही चाललंय आणि त्यातलं मला काहीच येत नाही, या जाणिवेने मला कमीपणा वाटला नाही, उलट एक विलक्षण आनंद व्हायचा. आई गेली तेव्हा चिंगीने तिचं अंथरूण हुंगून काढलं, कितीतरी दिवस. भेटायला आलेले म्हणायचे, बघा, मुक्या जिवालाही कळतं. पुढे ती त्याच अंथरुणावर झोपायला लागली. सकाळचं ऊन तिथेच पडायचं. त्यात दुःख किती आणि ऊन किती, हे मी ठरवत बसले नाही. आम्हा दोघींना त्या जागेची ओढ होती, तेवढं मला पुरलं.

चिंगीची मूत्रपिंडं म्हातारपणी गेली. तेव्हा मात्र जनावर हे जनावर आहे हे मनाशी धरून ठेवणं फार कठीण झालं. ती पलंगाखाली, अगदी भिंतीलगत जाऊन बसायला लागली. तिला बाहेर काढून मांडीवर घ्यावं असं सारखं वाटायचं. दुखणं आलं की जनावर आडोसा शोधतं, तिला तिथेच राहू द्या, पाणी तिथेच सरकवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही तसं केलं. सलाइनने आणखी काही आठवडे निघाले असते. माणूस असता तर त्याला सांगता आलं असतं की आणखी थोडं सोस, नात येणार आहे, दिवाळी येतेय. सोसण्यापलीकडे काहीतरी आहे, या आशेवर माणूस सुईही टोचून घेतो. चिंगीला ते सांगायची काही सोय नव्हती. तिच्यापाशी सुई होती आणि दवाखान्याचा वास होता, त्या पलीकडचं सगळं आमच्या मनात होतं. ते आठवडे आम्हाला हवे होते. म्हणून ते घेतले नाहीत. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले होते, आणि इंजेक्शनच्या आधी तिने पाठ माझ्याकडे करून घेतली. आमच्या घरात तेरावा-चौदावा असं काही झालं नाही, पण बरेच दिवस मी त्या खांबापाशी थांबत होते.

मध्यंतरी मुलुंडहून भाचीचा फोन आला. "मावशी, आम्ही कुत्रा घेतोय. बीगल घेऊ की पग?" पहिलाच फ्लॅट, दोघंही नोकरीला, दिवसाचे दहा तास घर बंद. मी तिला म्हटलं, अगं, जात नंतर ठरव. तुमच्या इमारतीच्या गेटवर कुत्रा आहे ना, त्याच्याकडे थोडे दिवस नुसती बघ आणि काय दिसतं ते मला कळव. तिला ते फारसं पटलं नाही. पहिला मेसेज आला, "तो काहीच करत नाही गं, दिवसभर झोपतो." मग काही दिवसांनी, "वॉचमनने काठी आपटली की उठतो, पण पोस्टमन आला तर डोळाही उघडत नाही." मग एकदा रात्री भलामोठा मेसेज: दुपारी तो एका ठरावीक गाडीखाली झोपतो कारण ती उशिरा परत येते आणि तिथली फरशी गार राहते, पलीकडच्या इमारतीतली कुत्री आली की आधी दोघं एकमेकांकडे न बघता जमीन हुंगतात, लहान मुलं पळाली की तो उभा राहतो, चालली तर नाही. तिच्या नवऱ्यालाही आता नाद लागला आहे, तो गॅलरीतून बघून तिला वर्दी देतो. कुत्रा घ्यायचं अजून ठरलेलं नाही. काल तिने विचारलं, "मावशी, पार्किंगमध्ये एवढ्या स्कूटर आहेत, पण तो रोज एकाच स्कूटरच्या चाकावर पाय का वर करतो?" मी तिला म्हटलं, त्या स्कूटरवाल्यांच्या घरी कोण कोण आहे, ते आधी विचारून ये.